पणजोबांच्या ट्रंकेतला पांढरा एप्रन

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात साखर पेठेतील जुन्या घराची दुरुस्ती चालू असताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, वकिली करणाऱ्या पणजोबांची एक चपटी चामडी पेटी सापडली. तिच्यात पांढऱ्या कातड्याचा, आकाशी रेशमी काठाचा एक एप्रन आहे. त्यावर उलट्या इंग्रजी ‘टी’सारख्या तीन रुपेरी आकृत्या आहेत, दोन्ही बाजूंना सात-सात साखळ्यांचे गोंडे आहेत आणि कंबरपट्ट्याला नागाच्या आकाराचा आकडा आहे. सोबत मधोमध रुपेरी वेणी असलेली रुंद आकाशी फीत, गुण्याच्या आकाराचे एक पदक, पंख असलेल्या आकृतीचे दुसरे पदक, आणि ५९२६ साल घातलेले इंग्रजी व लॅटिन भाषेतील एक प्रमाणपत्र आहे. घरातील वडीलधाऱ्यांना हा जादूटोण्याचा प्रकार वाटतो आणि हे सारे भीमेत सोडावे असे त्यांचे म्हणणे आहे. एका नातेवाइकाला पदके सराफाकडे मोडीत घालायची आहेत. स्वतः प्रश्नकर्त्यांना या वस्तूंचा अर्थ काय आणि एप्रन धुता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे.

सर्वांत तातडीची गोष्ट आधी सांगते. एप्रनला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका, पदके चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, आणि पेटीतील कोणतीही वस्तू दुसरीपासून वेगळी करू नका. गेली सत्तावीस वर्षे मी जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम करते. जरीच्या साड्या आणि देवळांतील पडदे यांच्याबरोबरच अशा मंडळांची मानवस्त्रेही माझ्या हातांखालून गेली आहेत. तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यावरून ही फ्रीमेसन या बंधुमंडळाची मानचिन्हे आहेत आणि तुमचे पणजोबा इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या शिस्तीत चालणाऱ्या एखाद्या लॉजचे माजी अध्यक्ष होते, असे मी पुरेशा खात्रीने सांगू शकते. येथे ‘लॉज’ म्हणजे उतरण्याची जागा नव्हे, तर सभासदांची शाखा होय, आणि ‘ग्रँड लॉज’ म्हणजे अशा शाखांवरची मुख्य संस्था.

या मंडळाची सगळी चिन्हभाषा गवंड्यांच्या आणि पाथरवटांच्या अवजारांवरून घेतलेली आहे. युरोपात मोठी दगडी मंदिरे आणि किल्ले बांधणाऱ्या कारागिरांच्या संघटना होत्या. पुढे बांधकामाशी संबंध नसलेले लोकही अशा मंडळांत येऊ लागले आणि अवजारांना नैतिक अर्थ दिले गेले. लंडनमधील चार लॉजेसनी एकत्र येऊन १७१७ साली पहिली ग्रँड लॉज स्थापन केली, असे परंपरेने मानले जाते. आपल्याकडच्या गवंड्याच्या पिशवीत जे असते तेच येथे पदकांवर दिसते. गुण्या म्हणजे वागण्यातील सरळपणा, ओळंबा म्हणजे ताठ उभा राहणारा प्रामाणिकपणा, पाणसळ म्हणजे माणसामाणसांतील समानता, आणि चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास. नवा सभासद हा अनघड दगड आणि अनुभवी सभासद हा घडीव दगड, ही त्यांची मूळ कल्पना आहे. ज्या घरात पाट्याला टाकी लावणारा पाथरवट दारावर येताना पाहिला आहे, त्या घराला हे रूपक समजावून सांगावे लागू नये.

कातड्याचा एप्रनही तेथूनच आला. दगड फोडताना कपड्यांचे आणि अंगाचे रक्षण व्हावे म्हणून कारागीर तो बांधत असे. मंडळात नव्याने आलेल्या माणसाला पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा अगदी साधा एप्रन देतात. त्यावर ना काठ असतो, ना फूल. तो माणूस संस्थानिक असो वा कारकून, पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर तेच पांढरे कातडे येते. सोलापूरकरांना हे लगेच उमगेल, कारण गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात तेव्हा त्यांच्यातील दुकानदार कोण आणि गिरणी कामगार कोण हे पोशाखावरून कळत नाही. दोन्ही परंपरा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत आणि त्यांचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पांढऱ्या वस्त्राने काय साधते, एवढेच मला दाखवायचे आहे.

अठराव्या शतकात सभासद आपापल्या आवडीने एप्रन रंगवीत आणि त्यावर भरतकाम करून घेत, त्यामुळे त्या काळातील दोन एप्रन सारखे सापडणे कठीण. १८१३ साली इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजेस एक झाल्या आणि त्यानंतर लवकरच मानवस्त्रांची मापे, रंग व खुणा ठरवून दिल्या गेल्या. सभासदत्वाच्या तीन पायऱ्या असतात. दुसऱ्या पायरीवर एप्रनच्या खालच्या दोन कोपऱ्यांत आकाशी रिबिनीची दोन गोल फुले येतात. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘मास्टर मेसन’ झाल्यावर, आकाशी काठ, वरच्या झडपेवर तिसरे फूल आणि रुपेरी गोंडे येतात. जो पुढे लॉजचा अध्यक्ष होतो त्याची तिन्ही फुले निघतात आणि त्या जागी तुम्ही पाहिलेल्या त्या उलट्या ‘टी’ बसतात. नियमांत या आकृतीला नावच नाही. आडव्या रेषेवर उभी रेषा आणि त्यातून होणारे दोन काटकोन, असे तिचे नुसते वर्णन केलेले आहे. अध्यक्षपद संपले तरी ती खूण आयुष्यभर राहते.

म्हणून एक काम करा. चांगल्या उजेडात, भिंगाने, त्या ‘टी’च्या कडेला कातड्यावर गोलाकार शिलाईच्या भोकांची ओळ दिसते का ते पाहा. कापडावरची भोके काळाने बुजतात, पण कातड्यावर सुई एकदा गेली की तिची खूण कायम राहते. पुष्कळ सभासद नवा एप्रन न घेता जुन्यावरचीच फुले उसवून ‘टी’ लावून घेत, आणि अशी गोल खूण सापडली तर हाच एप्रन पणजोबांनी अध्यक्ष होण्याआधीही वापरला होता, हे सिद्ध होईल. मला या कामात सर्वाधिक आनंद अशा खुणांनी दिला आहे, कारण त्या कोणी लिहून ठेवलेल्या नसतात आणि तरीही खोटे सांगत नाहीत.

गोंड्यांतील सात साखळ्यांना पुढे सात विद्यांचा अर्थ जोडला गेला. मूळ कारण फार साधे आहे. एप्रनच्या नाड्या कमरेला वळसा घालून पुढे बांधीत आणि त्यांची झालर लावलेली टोके खाली लोंबत. नाडीच्या जागी आकड्याचा पट्टा आला, तेव्हा त्या टोकांची आठवण म्हणून गोंडे उरले. नागाच्या आकड्याबाबतही घरात भीती बाळगण्याचे कारण नाही. इंग्रजी ‘एस’च्या आकाराचा तो आकडा त्या काळी इंग्रज सैनिकांच्या आणि शाळकरी मुलांच्या पट्ट्यांनाही सर्रास असे.

आता गुण्याच्या पदकाकडे येऊ. सभासद पदकाला ‘ज्वेल’ म्हणतात, मग त्यात रत्न असो वा नसो. नुसता गुण्या हे विद्यमान अध्यक्षाचे चिन्ह असते. तुमच्या पत्रात गुण्याच्या आत एक चांदीची पट्टी लोंबते आणि तिच्यावर तीन चौकोनांची आकृती कोरलेली आहे असा उल्लेख आहे, आणि तोच निर्णायक आहे. ती युक्लिडच्या पहिल्या ग्रंथातील सत्तेचाळिसावी प्रतिज्ञा, म्हणजेच शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत होय, आणि इंग्लिश पद्धतीत ती माजी अध्यक्षाची खूण आहे. फितीच्या मधोमध असलेली रुपेरी वेणीही त्याच पदाशी जुळते. आकाशी रंग साध्या लॉजचा असतो. जिल्हा किंवा ग्रँड लॉजच्या अधिकाऱ्यांसाठी गडद निळा वापरतात. स्कॉटलंडच्या पद्धतीत प्रत्येक लॉज आपला रंग स्वतः निवडू शकते आणि तेथील एप्रनची झडप बहुधा अर्धगोल असते. पश्चिम भारतात दोन्ही पद्धतींच्या लॉजेस होत्या, म्हणून पदकामागे ‘ई. सी.’ कोरले आहे की ‘एस. सी.’ हे अवश्य पाहा. पहिले इंग्लिश, दुसरे स्कॉटिश. बहुधा तेथेच लॉजचा क्रमांक, पणजोबांचे नाव आणि अध्यक्षपदाचे वर्षही सापडेल.

प्रमाणपत्रावरील ५९२६ या आकड्याने घाबरून जाऊ नका. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, त्याचप्रमाणे येथे ४००० वजा करायचे. जगाच्या निर्मितीपासून, त्यांच्या भाषेत प्रकाशाच्या वर्षापासून, मोजलेले हे साल आहे, म्हणजे प्रमाणपत्र १९२६ सालचे ठरते. असे प्रमाणपत्र तिसरी पायरी पूर्ण झाल्यावर मिळते आणि त्याच्या समासात सभासदाला स्वतः सही करावी लागते. ती सही पणजोबांच्या वकिलीच्या कागदांवरील सहीशी ताडून पाहा.

दुसऱ्या पदकात पंख असलेली आकृती हातांत मंदिर धरून आहे, पदकाचा आकार क्रूसासारखा आहे आणि दोन बाजूंना रोमन अंकांत १९१४ आणि १९१८ ही साले आहेत, असे तुम्ही लिहिता. हे ‘हॉल स्टोन ज्वेल’ होय. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सभासदांचे स्मारक म्हणून लंडनमध्ये १९२७ ते १९३३ या काळात फ्रीमेसन्स हॉल बांधला गेला. त्या निधीला दहा गिनी (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग) देणाऱ्या व्यक्तीला चांदीचे पदक मिळे. १९२७ पासून रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा ठरलेला होता, त्या हिशेबाने दहा गिनी म्हणजे १४० रुपये होतात. सोलापुरातील एका वकिलाने एवढी रक्कम दूरच्या एका इमारतीसाठी पाठवली, यावरून हे सभासदत्व त्यांच्या लेखी नावापुरते नव्हते हे उघड आहे.

वडीलधाऱ्यांच्या शंकेचे उत्तर मी आदराने देते, कारण ती शंका नवी नाही. सभा बंद दाराआड भरत, दारावर तलवार घेतलेला पहारेकरी असे, आणि त्यामुळे उत्तर हिंदुस्थानात लॉजच्या इमारतीला लोक ‘जादूघर’च म्हणत. तिसऱ्या पायरीच्या विधीत कवटीचे चिन्ह येते, आणि चित्रे पाहून लोक दचकतात. त्या कवटीचा अर्थ मृत्यूचे स्मरण एवढाच आहे. देह नाशवंत आहे हे आपल्या कीर्तनकारांनी इतक्या वेळा सांगितले आहे की तो विचार आपल्याला परका वाटू नये. त्रिकोणातील डोळा हेही केवळ याच मंडळाचे चिन्ह नाही. युरोपातील ख्रिस्ती चित्रकलेत तो ईश्वराची दृष्टी म्हणून आधीपासून आहे. मंडळात प्रवेशासाठी ईश्वरावर श्रद्धा असणे आवश्यक असते, मात्र कोणत्या धर्माचा ईश्वर हे विचारले जात नाही, आणि शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतली जाते.

हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला तेथे सहज प्रवेश मिळाला असेही नाही. मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज स्कॉटिश पद्धतीखाली मुख्यतः हिंदी लोकांसाठी काढली आणि पारशी गृहस्थ तिच्यात आले. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना हिंदू म्हणून प्रवेश मिळवण्यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले आणि तो १८७२ साली मिळाला. तरुण नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८८४ साली कलकत्त्याच्याच एका लॉजमध्ये दाखल झाले होते. स्वतंत्र भारताची ग्रँड लॉज १९६१ मध्ये स्थापन झाली आणि ती आजही कार्यरत आहे. तेव्हा १९२६ साली सभासद झालेले तुमचे पणजोबा चोरून काही करत नव्हते. ज्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यासमोर हिंदी माणसाने अदबीने उभे राहावे अशी अपेक्षा होती, त्या काळी ते अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले होते, आणि तेथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही वर्णाचा असो, त्यांचा मान राखावा लागत होता. मला विचाराल तर या पेटीचे मोल त्या एका गोष्टीत आहे.

एक सावधगिरीही सांगून ठेवते. एप्रन, फीत किंवा पदक दिसले की ते फ्रीमेसनचेच, असे समजू नये. इंग्लंडमध्ये १८१० साली संघटित झालेली मँचेस्टर युनिटी ऑडफेलोज, १८३४ सालची एन्शंट ऑर्डर ऑफ फॉरेस्टर्स, आणि रॉयल अँटिडिलुव्हियन ऑर्डर ऑफ बफेलोज अशी इतर मंडळेही होती. पहिल्या दोहोंचे मुख्य काम आजारपणात आणि मृत्यूनंतर सभासदाच्या कुटुंबाला पैशाची मदत करणे हे होते. एकमेकांत अडकलेल्या तीन कड्या किंवा तळहातावरचे हृदय दिसले तर ते ऑडफेलोजचे. हरीण, शिंग आणि हिरवा पट्टा फॉरेस्टर्सचा. म्हशीची शिंगे बफेलोजची. तुमच्या पेटीत यांपैकी काही नाही.

आता जतनाविषयी. हे कातडे तुरटीने पांढरे केलेले असते. नेहमीच्या चपलेच्या कातड्यात बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीचा रस मुरलेला असतो आणि तो टिकतो, परंतु तुरटी पाण्यात विरघळून निघून जाते आणि मऊ कातडे वाळल्यावर पापडासारखे कडक होते. कामाला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एका एप्रनवरचा डाग मी ओल्या बोळ्याने पुसला होता. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग आक्रसून पिवळट आणि ताठ झाला, आणि तो पुन्हा कधीच पूर्ववत झाला नाही. ती वस्तू एका कुटुंबाने विश्वासाने माझ्या हाती दिली होती आणि त्याचे दुःख मला आजही आहे. तेल, व्हॅसलिन, बूट पॉलिश किंवा पांढरा रंगही लावू नये. मऊ केसांच्या कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी, एवढेच घरी करण्यासारखे आहे.

रेशमी काठाचे दुखणे वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रेशीम जड आणि भरदार वाटावे म्हणून त्यात कथिलाचे क्षार मुरवीत. असे रेशीम काळाने आपोआप उभे-आडवे चिरत जाते. काठावर तशा बारीक चिरा दिसत असतील तर त्यांवर टाका घालू नका, कारण सुईने नवी चीर पडते. फितीवर पाण्याच्या लहरींसारखी झाक असेल, तर इस्त्रीच्या उष्णतेने आणि वाफेने ती कायमची पुसली जाते. रुपेरी वेणी काळवंडली असेल तर तशीच राहू द्या. जरीच्या तारेवरचा चांदीचा थर फार पातळ असतो आणि घासण्याने काळेपणाबरोबर चांदीही जाते.

सोलापूरच्या हवेचा विचार करून पेटीची जागा ठरवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक तापते. पेटी त्या माळ्यावर परत ठेवू नये. घराच्या मधल्या खोलीतील, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले लाकडी कपाट चांगले. एप्रन घडी न घालता सपाट ठेवावा. मांजरपाट दोनदा साध्या पाण्यात उकळून खळ काढून टाकावी आणि पूर्ण वाळल्यावर त्यात तो गुंडाळावा. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे कातडे पिवळे करतो, म्हणून तो टाळावा. डांबराच्या गोळ्या आत टाकू नयेत. पदके वेगळ्या कापडात गुंडाळून त्याच पेटीत ठेवावीत, कारण पितळ आणि तांबे कातड्याला टेकले की हिरवा चिकट थर धरतो. श्रावण-भाद्रपदात महिन्यातून एकदा पेटी उघडून कसर किंवा बुरशी लागली नाही ना, हे पाहावे.

पदके मोडीत घालण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मागे चालणाऱ्या सिंहाचा ठसा असेल तर चांदी ९२.५ टक्के शुद्धतेची आहे, पण वजन बहुधा दोन-तीन तोळ्यांच्या पुढे जाणार नाही. नाव, क्रमांक आणि वर्ष कोरलेले पदक वितळले की उरते ती फक्त तेवढी चांदी. परदेशी संग्राहकाला विकण्याचा मोहही टाळा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि प्रमाणपत्राच्या सालावरून पाहता तुमच्या काही वस्तू त्या उंबरठ्यावरच आहेत. एप्रन आणि माजी अध्यक्षाचे पदक ही सामान्यतः सभासदाची खासगी मालमत्ता असते. मात्र विद्यमान अधिकाऱ्याची फीत आणि चिन्ह लॉजचे असते, म्हणून पेटीच्या कप्प्यात आणखी एखादे चिन्ह सापडले, उदाहरणार्थ एकमेकींवर फुलीसारख्या तिरक्या ठेवलेल्या दोन लेखण्या किंवा किल्ली, म्हणजेच अनुक्रमे चिटणिसाचे किंवा खजिनदाराचे, तर ग्रँड लॉज ऑफ इंडियाला लॉजचा क्रमांक कळवून विचारणे रास्त ठरेल.

काही हलवण्यापूर्वी पेटी जशी उघडली तशी तिची छायाचित्रे घ्या, झडपेच्या आतल्या बाजूस निर्मात्याची चिठ्ठी शिवलेली असेल तर तिचेही छायाचित्र घ्या. नंतर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला पणजोबांविषयी जे आठवते ते विचारून एका जाड कागदावर पेन्सिलीने लिहा, त्यावर आजची तारीख घाला आणि तो कागद मांजरपाटाच्या बाहेरच्या घडीत, कातड्याला न टेकता, ठेवून द्या.